कोपराला शिट्टी नाही

भार्गवीचं नाक मोडलं तो आवाज मी ऐकला. माझी बायको सुलभा म्हणते, एवढ्या गोंगाटात ऐकू येणं शक्यच नाही, तुम्ही आपलं रंगवून सांगता. पण मी ऐकला. शेवग्याची शेंग मोडावी तसा आवाज होता, आणि पुढची दोन सेकंदं मला दुसरं काही ऐकूच आलं नाही.

जानेवारी २०१९, आयर्लंड. ग्लेनार्ड कॉलेजचं जिम, चारी बाजूंना त्यांचीच माणसं, आणि मी तिसऱ्या रांगेत. माझी मुलगी भार्गवी ही किलमोना कॉलेजकडून बास्केटबॉल खेळते. पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल वर नेणारी, सगळ्या टीमला नाचवणारी. वय अठरा, उंची पाच फूट पाच. समोर ग्लेनार्डची ब्रुक होती, अमेरिकेहून आणलेली, सहा फूट दोन इंच. ब्रुकने रिंगवरून उडालेला रिबाउंड पकडला, बॉल छातीशी घेतला, मान वळवून भार्गवी कुठे आहे ते पाहिलं आणि मग कोपर फिरवलं. हे नीट वाचा. आधी पाहिलं, मग फिरवलं.

भार्गवी गुडघ्यांवर बसली. दोन्ही हात तोंडावर, आणि बोटांच्या फटींतून रक्त कोर्टच्या पिवळ्या लाकडावर पडत होतं. रेफरी सहा पावलांवर उभा. शिट्टी त्याच्या तोंडातच होती, पण वाजवली नाही. हाताने 'चालू ठेवा' अशी खूण केली. ग्लेनार्डच्या पोरींनी पलीकडे जाऊन बास्केट केली आणि टाळ्या पडल्या.

मी कधी उठलो ते आठवत नाही. पिवळी जाकिटं घातलेले दोन स्वयंसेवक मला धरायला आले. त्यातल्या एकाला मी असा ढकलला की तो खुर्च्यांच्या रांगेसकट आडवा झाला. मग रेफरीची कॉलर माझ्या मुठीत आली. "अबे, डोळे आहेत का बटनं?" मी ओरडलो, अस्सल नागपुरीत. त्याला शब्द कळले नाहीत, पण अर्थ पोचला असावा, कारण त्याचा चेहरा पांढरा पडला. चौघांनी मिळून मला दाराबाहेर काढलं. दाराशी ग्लेनार्डचा क्रीडा संचालक फर्गल टिअर्नी हाताची घडी घालून उभा होता. हाच गृहस्थ आंतरकॉलेज लीगच्या शिस्त समितीवरही आहे. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची?

भार्गवी मात्र नाकात कापूस कोंबून परत कोर्टवर गेली आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये एकटीने अकरा पॉइंट काढले. मी ते पार्किंगमधून, काचेला नाक लावून पाहिलं. किलमोना दोन पॉइंटांनी जिंकलं. ब्रुकच्या अंगाला तिने बोटसुद्धा लावलं नाही.

परत ड्रोहेडाला येताना सुलभा गाडी चालवत होती. मी मागे वळून म्हटलं, "एक तरी ठेवून द्यायची होतीस तिला."

भार्गवीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर कायम इंग्रजीत, तेही इथल्या हेलात. "बाबा, बाहेर तुला काढलं," ती म्हणाली. "मला नाही."

माझा स्वभाव कुठून आला ते सांगतो. सबब म्हणून नाही, फक्त माहितीसाठी. मी नागपूरच्या सिमेंटच्या कोर्टवर वाढलो. तिथे फाउल कुणी मागत नसे, फाउल परत करत असत. माझा एक दात तिथे पडला आणि दुसऱ्याचे दोन मी पाडले. पुढे युनिव्हर्सिटीकडून खेळलो, नोकरीला लागलो, आयर्लंडला आलो, दिवसभर लॅपटॉपपुढे बसायला लागलो. पण अंगातली रग गेली नाही. भार्गवी बारा वर्षांची असताना मी घराच्या मागच्या भिंतीवर बास्केट ठोकून दिली आणि तिला शिकवायला लागलो. ती बॉल घेऊन आत घुसली की मी कोपर मारायचो. मुद्दाम. सवय व्हावी म्हणून. खेळात कुणी 'सॉरी' म्हणून मारत नाही, हे तिला घरातच कळावं असं माझं म्हणणं होतं. एकदा तिचा ओठ फुटला, तेव्हा सुलभा पोळपाट-लाटणं टाकून बाहेर धावत आली. मी म्हटलं, चुकून लागलं. भार्गवीने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता बॉल उचलला. चुकून लागलेलं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं.

नाक आठवड्याने, सूज उतरल्यावर, हॉस्पिटलमध्ये सरळ केलं. डॉक्टरांनी बजावलं, सहा आठवडे मास्क लावून खेळ, आणि यावर पुन्हा फटका बसता कामा नये. आम्ही ब्रुकविरुद्ध तक्रार केली, व्हिडिओ जोडला. दहा दिवसांनी लीगचं पत्र आलं. मी हातातला चहा ठेवून उघडलं. वाटलं, झाली शिक्षा तिला. पण पत्र ब्रुकबद्दल नव्हतंच. ते भार्गवीबद्दल होतं. ग्लेनार्ड कॉलेजने तक्रार केली होती की किलमोनाने भार्गवीला नियम मोडून आपल्याकडे ओढलं.

आता ते प्रकरण सांगायला हवं. आपल्याकडे बारावी असते तशी इथे लीव्हिंग सर्ट नावाची परीक्षा. ज्या वर्षी ही परीक्षा असेल त्या वर्षी जानेवारीपासून ती संपेपर्यंत कॉलेजच्या कोचने खेळाडूच्या घरी एकदाच जायचं. काही द्यायचं नाही, काही घ्यायचं नाही. लीगचं कलम नऊ. मुलांना आमिष दाखवून पळवू नये म्हणून केलेलं, आणि खरं सांगायचं तर चांगलं कलम आहे.

किलमोनाच्या कोच इमेल्डा रूनी आमच्याकडे एप्रिल २०१८ मध्ये आल्या. पन्नाशीच्या, लाल केसांच्या, हळू बोलणाऱ्या बाई. तारीख त्यांनीच निवडली होती आणि नेमकं त्याच शनिवारी सुलभाचं चैत्रातलं हळदीकुंकू होतं. घरात ड्रोहेड्यातल्या चौदा बायका, टीव्हीच्या टेबलावर गौर मांडलेली, डब्लिनहून शोधून आणलेल्या कैऱ्यांची डाळ आणि पन्हं. दारात उभ्या असलेल्या बाईला 'पुढच्या आठवड्यात या' म्हणणं सुलभाच्या रक्तात नाही. तिने इमेल्डांना आत घेतलं, पाटावर बसवलं, कुंकू लावलं. लग्न झालंय का हे विचारायचं नाही असं तिने आधीच ठरवून टाकलं. खणाचा ब्लाउजपीस, नारळ आणि भिजवलेले हरभरे घालून त्यांची ओटी भरली. बाई भांबावल्या, पण गळ्यातला स्कार्फ पुढे केला. त्या आमच्याशी कॉलेजबद्दल बोलल्या, भार्गवीला प्रश्न विचारले, आणि जाताना सुलभाने कैरीच्या डाळीचा स्टीलचा डबा हातात दिला.

"हा परत कसा करू?" इमेल्डांनी विचारलं.

"करा सावकाश," मी हसत म्हटलं. "फक्त रिकामा करू नका. आमच्यात डबा रिकामा परत येत नाही."

मी म्हटलं. सुलभा नाही, मी. पुढच्या शनिवारी बाई डबा घेऊन आल्या. आत त्यांनी घरी भाजलेला सोडा ब्रेड, वर जॅमची बाटली. गाडी चालूच ठेवली होती, दारात चार मिनिटं उभ्या राहिल्या आणि गेल्या. बस, एवढंच. भार्गवी तेव्हा घरातही नव्हती, क्लासला गेली होती.

सुनावणी फेब्रुवारीत मलिंगारच्या एका हॉटेलात झाली. टेबलाच्या पलीकडे समितीचे तिघं. अध्यक्ष एक निवृत्त हेडमास्तर, पांढऱ्या भुवयांचे. फर्गल टिअर्नी 'या प्रकरणापुरता' समितीतून बाजूला झाला होता, म्हणजे शेजारच्या खोलीत बसून स्कोन खात होता. टेबलावर एक रंगीत फोटो ठेवला होता. इमेल्डा पाटावर, कपाळावर कुंकू, पदर नाही म्हणून स्कार्फमध्ये धरलेला नारळ. मराठी मंडळाच्या फेसबुक पानावरून काढलेला. सुलभानेच टाकला होता तो, कौतुकाने. तिने फोटो पाहिला आणि मान खाली घातली.

इमेल्डा म्हणाल्या, "मी पाहुणी होते. नाही कसं म्हणायचं ते मला कळलं नाही. चूक माझी." अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, एक नारळ आणि कापडाचा तुकडा, कोचला लेखी ताकीद देऊन हे इथेच मिटवता येईल असं मला वाटतं. शेजारच्या दोघांनी मान हलवली. म्हणजे झालं होतं. संपलं होतं. आम्ही उठून घरी जायचं होतं.

पण 'ताकीद' हा शब्द माझ्या कानात अडकला. ताकीद कशाची? माझ्या बायकोने लाच दिल्याची? तळपायाची आग मस्तकात गेली. "मला बोलायचंय," मी म्हटलं. सुलभाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. भार्गवी पुटपुटली, "बाबा, लीव्ह इट." मी उभा राहिलो. इंग्रजीत, चांगल्या इंग्रजीत, आमच्याकडे घरी आलेल्या बाईला रिकाम्या हाताने का पाठवत नाहीत ते समजावून सांगितलं. यात लपवण्यासारखं काही नाही म्हटलं. "आणि या बाईंचा मोठेपणा बघा. त्यांनीही आमची रीत पाळली. पुढच्याच शनिवारी स्वतः घरी येऊन डबा परत दिला, तोही रिकामा नाही. स्वतः भाजलेला ब्रेड घालून!"

इमेल्डांनी डोळे मिटले.

"त्या पुन्हा घरी आल्या?" अध्यक्षांनी विचारलं.

"आल्या ना. मीच सांगितलं होतं."

"तुम्ही सांगितलं होतं, की काहीतरी घालून आणा?"

"अहो, तशी पद्धत आहे आमची," मी म्हटलं, आणि तेव्हा कुठे त्यांचं पेन चालताना दिसलं. घरी दुसरी भेट. बदल्यात वस्तू. आधी ठरवून. त्यांना यातली एकही गोष्ट ठाऊक नव्हती आणि मी तिन्ही वाढून दिल्या. आपल्याच पायावर धोंडा असा पाडून घेतला की बाहेर येताना मला खरोखर लंगडल्यासारखं वाटत होतं.  गाडीत, किनेगाड गाव मागे पडल्यावर सुलभा म्हणाली, "माझ्या ओटीला त्यांनी लाच म्हटलं आणि तुम्ही त्यांना पावती करून दिलीत."

निकाल आठ दिवसांनी आला. भार्गवी उरलेल्या सीझनसाठी बाहेर. इमेल्डा पुढच्या वर्षापर्यंत कोचिंगमधून बाहेर. आणि त्याच पाकिटात ब्रुकचा निकाल, अर्ध्या पानाचा: 'बॉलचं रक्षण करताना झालेला नैसर्गिक स्पर्श. कारवाई नाही.' चोर सोडून संन्याशाला फाशी. मी ते पान दोनदा वाचलं आणि स्वयंपाकघरातल्या प्रेसचं दार, म्हणजे आपलं कपाट, लाथेने बिजागरीतून काढलं.

ब्रुक ग्लेनार्डला कशी आली हे लीगमध्ये कुणाला माहीत नव्हतं? राहायला फ्लॅट, फिरायला गाडी, आणि कागदावर फर्गलच्या मेहुण्याच्या व्यायामशाळेत नोकरी. मी तीन दिवस रजा काढून त्या व्यायामशाळेसमोर गाडीत बसलो. थर्मास, पराठे आणि कॅमेरा. तीन दिवसांत ब्रुक एकदाही आत गेली नाही, पण तिसऱ्या दिवशी ती मिळालेली गाडी चालवत समोरून गेली. फोटो लावून तक्रार पाठवली. उत्तर आलं, फोटो संबंधित व्यक्तीच्या संमतीशिवाय काढलेले असल्यामुळे विचारात घेता येत नाहीत. सुलभाने टाकलेल्या फोटोला इमेल्डांची संमती कुणी विचारली होती? मी फोन करून तेच विचारलं. पलीकडच्या मुलीने फोन ठेवला.

त्या दुपारी मी शेडमधून फावडं काढलं आणि मागच्या भिंतीवरची बास्केट फोडली. बोर्ड आधी तडकला, मग त्याचे तुकडे उडाले, एक माझ्या भुवईवर लागला. रिंग निघेना. मी फावडं उलटं धरून भिंतीवर घाव घालत राहिलो. विटा दिसायला लागल्या, शेजारच्या घरातली खिडकी उघडली आणि लगेच बंद झाली. मला त्या भिंतीच्या जागी फर्गल दिसत होता, हे कबूल करतो. चांगलं वाटत होतं, हेही.

भार्गवी बाहेर आली. तिने झाडू आणला आणि तुकडे गोळा करायला लागली, शेजाऱ्यांचं कुत्रं पाय कापून घेईल म्हणून. मग झाडू भिंतीला टेकवून म्हणाली, "मी अपील केलंय. चौदा मार्चला आहे. फायनल सोळाला. मी खेळणार आहे, बाबा. तू आत यायचं नाहीस."

"अगं पण मी..."

"तू गाडीत बसायचं," ती म्हणाली. या वेळी मराठीत.

चौदा मार्च, गुरुवार, पुन्हा तेच हॉटेल. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात तिचा मास्क काढला होता. नाक जरा डावीकडे, पण हाड जुळलेलं. तिने कॉलेजचं ब्लेझर घातलं होतं, केस घट्ट बांधले होते. सुलभा तिच्याबरोबर आत गेली, इमेल्डा दाराशी वाट पाहत होत्या. मी गाडीत बसलो. दिलेला शब्द पाळायचा म्हणून किल्लीसुद्धा सुलभाकडे देऊन टाकली होती.

पन्नास मिनिटं झाली. आत माझ्या मुलीचं काय होतंय ते मला कळत नव्हतं, आणि न कळणं मला झेपत नाही. तिने त्या फायनलसाठी सहा आठवडे मास्क लावून एकटीने पळायचा सराव केला होता. टीमची सगळी भिस्त तिच्यावर होती. मी एका वाक्याने ते सगळं घालवलं होतं आणि आता ते परत मिळवायला तीच आत बसली होती, तिच्यापेक्षा तिप्पट वयाच्या माणसांपुढे.

मग हॉटेलचं बाजूचं दार उघडलं आणि फर्गल टिअर्नी बाहेर आला. एकटाच. सिगरेट पेटवली, मला पाहिलं, हात वर केला आणि चालत माझ्या खिडकीशी आला. काच अर्धी उघडीच होती.

"नो हार्ड फीलिंग्ज, विद," तो म्हणाला. इथे सगळे मला विदच म्हणतात. "गुणी पोर आहे तुमची." हसला. "पुढच्या खेपेला एक नारळ माझ्यासाठीही होऊन जाऊ दे."

मी दार उघडलं ते त्याच्या गुडघ्यांवर. तो वाकला आणि मी पहिला ठोसा तोंडावर मारला. त्याच्या दाताने माझी मूठ फाटली. तो मागच्या गाडीवर आदळला, आरसा तुटून लोंबायला लागला. सिगरेट अजून त्याच्या बोटांत होती, हे मला का दिसलं कुणास ठाऊक. मी त्याला कोटाच्या कॉलरने ओढून खाली खडीवर पाडला, छातीवर गुडघा दिला आणि मारायला लागलो. नाकावर. मला नाकावरच मारायचं होतं. तो परत मारत नव्हता. दोन्ही हातांनी चेहरा झाकून काहीतरी म्हणत होता, आणि मी त्याचे हात एक एक करून बाजूला काढून मारत होतो. त्याचं रक्त माझ्या शर्टच्या बाह्यांवर आलं. मी काय बडबडत होतो ते सुलभाने नंतर सांगितलं. नुसतं "वाजव शिट्टी, वाजव बे" असं.

मागे दार उघडल्याचं मी ऐकलं. "बाबा, आयॅम प्लेइंग सॅटरडे!" असा आवाजही ऐकला. मग तोच आवाज किंचाळला, "बाबा, स्टॉप!" खडीवर धावती पावलं आली आणि कुणीतरी माझा उजवा दंड दोन्ही हातांनी धरला.

मी मागे न बघता कोपर मारलं. सगळा जोर लावून, कमरेतून वळून, नागपूरला शिकलो होतो तसं. ते हाडावर बसलं आणि माझा हात खांद्यापर्यंत झिणझिणला.

दंड सुटला. मी वळलो. भार्गवी खडीवर बसली होती, ब्लेझरच्या पुढच्या भागावर रक्त उतरत होतं आणि चेहऱ्याचा मधला भाग जागेवर नव्हता. ती ओरडली नाही. तोंडाने श्वास घेत होती आणि प्रत्येक श्वासाबरोबर लाल फेस येत होता. इमेल्डा तिच्याजवळ बसल्या, गळ्यातला स्कार्फ काढून तिच्या नाकाखाली धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "समितीने तिच्यावरची बंदी उठवली होती. सगळा दोष माझ्यावर ठेवून. फर्गलने आत्ताच तिच्याशी हस्तांदोलन केलं होतं."

हॉटेलवाल्यांनी फोन केला असणार. ॲम्ब्युलन्सच्या आधी गार्डा आले, म्हणजे इथले पोलीस. एक तरुण, एक वयस्क. वयस्काने फर्गलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग भार्गवीकडे, आणि त्याचा चेहरा बदलला. एवढीशी पोर आणि एवढं रक्त. "हिला कुणी मारलं?" त्याने विचारलं.

फर्गलचा ओठ इतका सुजला होता की त्याला बोलता येत नव्हतं. हॉटेलातली माणसं नंतर आली होती, आणि इमेल्डा भार्गवीत गुंतल्या होत्या. त्या क्षणी मला स्पष्ट दिसलं की हा माणूस आता माझ्या हातात आहे. समितीवरून जाईल. ग्लेनार्डमधून जाईल. ब्रुक, फ्लॅट, गाडी, सगळं बाहेर निघेल. मुलीवर हात उचलणारा म्हणून पेपरात येईल. दोन महिने मी पुरावे घेऊन फिरत होतो आणि इथे कुणी पुरावा मागतही नव्हतं.

"ह्याने," मी म्हटलं आणि फर्गलकडे बोट केलं. "ती सोडवायला आली. ह्याने मारलं तिला."

फर्गल जोरजोरात मान हलवायला लागला. तरुण गार्डाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वयस्क गार्डाने वही काढून लिहायला सुरुवात केली. मी सांगितलेलं कुणीतरी पहिल्यांदाच लिहून घेत होतं. सुलभा दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि एक शब्द बोलली नाही, आणि तिचं ते गप्प राहणं मला त्या वेळी साथ वाटलं. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

गार्डा भार्गवीसमोर उकिडवा बसला. "तुझे वडील म्हणतात ते बरोबर आहे का, बाळ?"

भार्गवीने स्कार्फ तोंडावरून थोडा बाजूला केला. "नाही," ती म्हणाली. शब्द बोबडे येत होते, पण कळत होते. "त्यांनी मला हात लावला नाही. बाबांनी मारलं."

गार्डाने पान उलटलं. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तिला अगदी हळू आवाजात विचारलं, "चुकून लागलं का?"

सोपा प्रश्न होता. हो म्हणायचं होतं. मी तिच्याकडे बघून मान हलवत होतो, हो म्हण, हो म्हण. तिच्या डोळ्यांखाली सूज चढायला लागली होती. त्यातून ती माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ. कोर्टवर समोरचा आता काय करणार हे ओळखायला बघते तशी.

"आय डोन्ट नो," ती म्हणाली.

मी रागावलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला राग आला नाही, कारण मीही तेच शोधत होतो. दंड धरला गेला तेव्हा मला 'बाबा' ऐकू आलं होतं. दोनदा. आवाज कुणाचा ते मला ठाऊक होतं. कोपर निघायच्या आधी ठाऊक होतं की नंतर कळलं, हे मला आजही कुणी शपथेवर विचारलं तर सांगता येणार नाही.

ॲम्ब्युलन्स आली. भार्गवीला आत घेतलं आणि सुलभा तिच्यामागे चढली. मी पुढे झालो तर भार्गवीने स्ट्रेचरवरून हात वर करून मला थांबवलं, तळवा उघडा, खेळात थांब म्हणून दाखवतात तसा. दार लागलं. वयस्क गार्डाने वही खिशात ठेवली आणि मला दोन्ही हात पुढे करायला सांगितले.